रुपये अक्षरी

शुक्रवारपर्यंत यादी द्यायची होती,
आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोण कोण राहतं त्याची.
आम्ही लिहिलेलं थोडं. बाकी आणलेलं,
आणि आणलेल्यानं आपल्यासोबत आणलेलं.
मोजले, तर बाराशे चार.
एक पत्रिका गेली आणि जीप भरून पाहुणे उतरले,
तसे.

गोत्री रोड, तिसरा मजला. एसी गळतो, त्याखाली बादली.
पॅथॉलॉजी लॅबची बिलं छापतो आम्ही,
रक्त, लघवी, थायरॉइड,
आणि तळाशी: रुपये अक्षरी.

ते अक्षरी कोण करतं
हे नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
पाचव्या थराखाली एक फाइल निघाली.
विश्वामित्रीचं पाणी ओसरल्यावर
कुणाच्या तरी पार्किंगमध्ये मगर दिसते,
लोक ओरडतात, आली, आली.
ती बिचारी होतीच.

एक ते नव्याण्णव, सगळे हातानं टाइप केलेले.
दुसरा मार्ग नाही, आपला प्रत्येक आकडा
वेगळा पाठ करावा लागतो.
वर नाव: वि. ना. खासगीवाले.
खाली अट: घ्या, बदला, विकासुद्धा,
पण ज्याला द्याल त्याला सगळं उघडं द्या,
आणि माझ्या अटीवर दुसरी अट चढवू नका.

शेजारच्याच फाइलीत, बारकोड वाचणाऱ्या,
आणखी एका भल्या माणसानं लिहिलं होतं:
फुकट आहे. फक्त चांगल्या कामाला वापरा,
वाईटाला नाही.

वकील मेघावीबेननं दोन्ही वाचलं.
शिर्केबेन, म्हणाली, हे दोघं एका डब्यात नाही चालणार.
चांगलं वाग, ही पण अटच झाली ने?

दोघंही देणारे. दोघांचेही हात पुढे.
मध्ये आम्ही, दुकान मांडून.

खासगीवाल्यांना मेल टाकली. परत आली.
पुन्हा टाकली, या वेळी मराठीत,
जणू चूक भाषेची होती, पत्त्याची नव्हे.

निकुंजभाई म्हणाले, बारकोडवाला काढाल,
तरी हे काका आपली सगळी तिजोरी उघडायला लावतील.
नवीन लिहा.
पण ज्यानं वाचलं त्यानं लिहायचं नाही, असा नियम.
मी वाचलेली. माझा हात उष्टा.
हेत्वीनं वाचली नव्हती, तर तिला मराठी आकडे येईनात.
मग अकाउंट्समधून दाभाडेकाकांना बोलावलं,
दांडिया बाजारातल्या शाळेत पाढे घोकलेले,
कोड कशाशी खातात ठाऊक नसलेले.
ते म्हणत गेले, ती टाइप करत गेली.
मी काचेबाहेर. त्यांचे ओठ हलताना दिसत होते
आणि मी मनात मोजत होते, मोजू नये तरी.

दोन्ही फाइली शेजारी लावल्या,
तर एका ओळीवर मी अडले.
सदुसष्ट हवं. दोन्हीकडे सडुसष्ट.
मेघावीबेनचा चेहरा उतरला.
आकडे सगळ्यांचे असतात, म्हणाली,
चूक एकट्याची असते.
चोरी पकडतात ती चुकीवरूनच.

काका, हे सडुसष्ट कुठून आणलंत?
कुठून म्हणजे? अडुसष्टच्या आधी दुसरं काय येणार?
आमचे मास्तर तसंच म्हणायचे.
वर्गात एक्केचाळीस पोरं होतो.

त्यांत कुणी खासगीवाले होता का
हे मी विचारलं नाही.
उत्तर आलं असतं तर यादीत लिहावं लागलं असतं.

एक अक्षर बदललं. ड चा द.
यादीवर हिरवी खूण आली, बारकोडवाल्याच्या जागी दुसरा आला,
त्यानं काहीच मागितलं नव्हतं, चांगुलपणासुद्धा नाही.

सोमवारी पहिलं बिल छापून आलं,
उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन,
रुपये अक्षरी: दोनशे सदुसष्ट फक्त.
दाभाडेकाकांनी कागद खिडकीपाशी नेला.
हे चुकलंय, म्हणाले.
खिशातलं पेन काढून
द चा ड केला, शेजारी सही ठोकली
आणि पुढच्या बिलासाठी हात पुढे केला.